जिरवून येतो

पंगतीवरून उठताना आबा आधी मान वाकडी करून आपलं पान बघत. एखादं शीत राहिलं असेल तर ते बोटाने टिपून घेत. मग डावा हात पोटावरून फिरवत आणि म्हणत, "चला, जिरवून येतो." यजमान सुपारीचं तबक पुढे करेपर्यंत त्यांच्या पायात वहाणा गेलेल्या असत. सुपारी ते वाटेत खात.

स्वातंत्र्यानंतरच्या त्या आठ-दहा वर्षांत तुम्ही जळगावात राहिला असाल, तर तुम्हीही त्यांना पाहिलं असणार. पिंप्राळ्याच्या रेल्वे फाटकाकडे भर दुपारी एक जाडजूड म्हातारा लगबगीने जाताना दिसे. डोक्यावर टोपी, काखेत मिटलेली छत्री. ऊन कितीही असो, ती छत्री उघडलेली मी कधी पाहिली नाही. गाडी चुकणाऱ्या माणसासारखे ते झपझप जात, फाटकाला हात लावत आणि आल्या पावली परत फिरत. नवख्याला वाटे, म्हाताऱ्याचं डोकं फिरलेलं दिसतंय. डोकं अगदी ठिकाणावर होतं. ते जेवण जिरवत होते.

आबा मूळचे सावद्याचे. जळगावच्या एका जिनिंगमध्ये मापाडी होते, म्हणजे कापूस तोलायचं काम. तीस वर्षं ते काट्यासमोर बसून राहिले आणि थकल्यावर तिथून उठून एका खोलीत येऊन पडले. बायको तरुणपणीच गेलेली, मूलबाळ नाही. त्यांचं खरं नाव मला ठाऊक आहे, पण इथे लिहीत नाही. या हकिगतीत माझी बाजू काही फार चांगली नाही, आणि माझ्या चुकीसोबत त्यांचं नाव कायमचं चिकटावं असं मला वाटत नाही. सगळे आबा म्हणत, आपणही आबाच म्हणू.

मी तेव्हा एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. मिक्श्चर ढवळायचं, जखमा धुवायच्या, आणि लघवी तपासायची. हे शेवटचं काम मला फार आवडे, हे सांगायला आता लाज वाटते. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. साखर नसेल तर निळं ते निळंच राहतं. थोडी असेल तर हिरवं होतं, मग पिवळं, मग नारिंगी, आणि फारच असेल तर विटेसारखं लाल. आबांची पहिली नळी विटेसारखी लाल झाली होती.

डॉक्टर म्हणाले, "आबा, साखर आहे तुम्हाला. गोड आजपासून बंद. पोळी, भात निम्म्यावर आणायचा."

"कोन्हाच्या पानावर?" आबांनी विचारलं.

डॉक्टर पुण्याकडचे. त्यांना प्रश्नच कळला नाही. मला कळला.

आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि भाद्रपदातल्या पितृपंधरवड्यात घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने कुणाला तरी जेवायला बसवतात. त्याला पितर म्हणतात. त्याचे पाय धुवायचे, कपाळाला गंध लावायचं, पाटावर बसवायचं, आणि गेलेल्याला जे जे आवडे ते सगळं वाढायचं. तो जेवला म्हणजे आपला माणूस जेवला. त्याने पान टाकलं तर आपला माणूस अर्धपोटी उठला, असं बाया मनाला लावून घेतात आणि वर्षभर हळहळत बसतात. त्यामुळे मनासारखा पितर मिळणं कठीण. तरणी पोरं लाजतात, म्हातारे चार घासांत हात आखडतात. आबांनी कुणाच्या घरी हात आखडला, असं कधी ऐकलं नाही.

म्हणून त्यांना मागणी फार. पितृपंधरवड्यात तिथीप्रमाणे रोज एक-दोन घरं असत. आखाजीला मात्र सगळ्या गावाचे पितर एकाच दिवशी जेवतात. त्या दिवशी आबांना चार-पाच घरचं आवतन असे, आणि कुणालाही ते नाही म्हणत नसत. पुढे चालणं लागलं तेव्हा पहिल्या घरी पुरणपोळी आणि आमरस झाला की फाटकापर्यंत चालून यायचं, मग दुसरं घर. तिथून मेहरूणच्या तळ्याची वाट धरायची, मग तिसरं. एका घरच्या आजी उंबऱ्यात उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत, "आमचा पितर दिसला का व कुठी? रस आंबून जाईन ना!" कुणी तरी सांगे, तुमचा पितर तळ्याकडे निघालाय, चांगला पळतोय. सगळे हसत. आबा घामाने निथळत येत, पाय धुवून घेत आणि पाटावर बसत.

बसले की ते बदलत. मी एकदा हे पाहिलंय. शेजारच्या एका विधवा बाईंनी नवऱ्याच्या नावाने त्यांना बसवलं होतं. वाढता वाढता बाई हलक्या आवाजात सांगू लागल्या, म्हैस व्याली, वघरू मेलं, थोरल्याला शाळेत बक्षीस मिळालं, पडवीचे पत्रे उडाले होते ते पुन्हा बसवले. आबा खाली मान घालून जेवत होते आणि मध्येच म्हणत होते, "हां. बरं केलं." बाईंनी डोळ्याला पदर लावला आणि आणखी एक पोळी वाढली. आबांनी ती खाल्ली. ती सहावी होती, मी मोजत होतो, कारण दुसऱ्या दिवशी नळी मला उकळायची होती.

तर डॉक्टरांना मी पितराचं हे सगळं समजावून सांगितलं. ते चिडले. मग खुर्ची पुढे ओढून आबांना म्हणाले, "हे बघा, अन्न म्हणजे इंजिनातला कोळसा. त्यातून जी ऊब निघते तिला कॅलरी म्हणतात. जेवढा कोळसा घातला तेवढी गाडी चालली पाहिजे. तुमची गाडी तीस वर्षं काट्यासमोर उभी, आणि कोळसा चाललाय आत."

आबांनी भुसावळची इंजिनं जन्मभर पाहिलेली. मग म्हणाले, "मंग गाडी चालवू ना. खानं कमी करनं माह्या हातात नही डाक्टरसाहेब. चालनं हाये."

डॉक्टरांना हसू आलं. इन्शुलिनची सुई तेव्हा मुंबईहून बर्फात घालून आणावी लागे, आणि सुईचं नाव काढताच आबा उठून उभे राहत. डॉक्टर म्हणाले, "बरं बाबा, चाला. पण रोज चाला." मीही मागून म्हणालो, "चाला आबा, आपण रंग उतरवू." हे शब्द माझे आहेत.

मापाडी तो मापाडीच. महिन्याभरात आबांनी आपली मापं बसवली. अर्धी भाकरी म्हणजे फाटक. अख्खी भाकरी म्हणजे फाटक आणि परत. पुरणाची पोळी म्हणजे पिंप्राळा गावातल्या पारापर्यंत जाऊन परत. तुपात बुडवलेली बट्टी असेल तर मेहरूणच्या तळ्यापर्यंत. आमरसाच्या वाटीचं माप काही केल्या बसेना. "रस लई लबाड हाये," ते म्हणत, "दोन वाट्याले एक दिस हिरवं येतं, एक दिस पिवयं." वांग्याचं भरीत त्यांनी हिशेबातच धरलं नव्हतं. भरीत खाऊन चालायचं म्हणजे भरताचा अपमान, असं त्यांचं मत होतं.

दर सोमवारी सकाळी ते बाटली घेऊन येत. फडक्यात गुंडाळलेली बाटली टेबलावर ठेवून माझ्यासमोर उभे राहत, कारण रंग बदलताना त्यांना स्वतः बघायचा असे. "सांग भो, आज काय रंग?" नळी हिरवी राहिली तर ते खूश. एकदा, आषाढातल्या एका सोमवारी, ती जवळजवळ निळी राहिली. मी बाकावरच्या रोग्यांना ऐकू जाईल असा ओरडलो, "निळं!" आबांनी टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला. परीक्षेत पास झालेल्या मुलासारखे ते सगळ्यांकडे बघत राहिले. आणि लाल आली तर बाटली तिथेच ठेवून परस्पर चालायला निघत.

पितृपंधरवडा संपला की नळी लालच येई. अशाच एका सोमवारी मी वैतागून त्यांना बोललो, "आबा, एखाद्या घरी तरी नाही म्हणत जा ना. मेलेल्यांसाठी तुम्ही मरणार आहात का?"

ते बाकावर बसले. रोगी सगळे आत गेले होते. छत्रीची मूठ दोन्ही हातांत धरून त्यांनी मला बायकोची गोष्ट सांगितली. पुढच्या सगळ्या वर्षांत ती त्यांनी पुन्हा काढली नाही.

सावद्याला असताना तिला विषमज्वर झाला. वैद्यांनी सांगितलं, एकवीस दिवस लंघन. पाणी आणि तुळशीचा काढा, दुसरं काही नाही. अन्नाचा कण पोटात गेला तर आतडं फाटेल. आबांनी ते पाळलं. "ती मांगे," ते म्हणाले. "कोर दे, म्हने. भाकरीची एक कोर. मी भाकरीची दुरडी शेजारच्या घरात नेऊन ठेवली, तिले वास नको म्हनून. मीबी तिथीच जाऊन खात जाय. मी जेवून आलो का ती माह्या हाताचा वास घ्ये." एकोणिसाव्या दिवशी ती गेली. शेवटपर्यंत शुद्धीवर होती आणि कोर मागत होती.

"आता सांग," आबा म्हणाले, "कोनी पान मांडून बसलं, का माहा मानूस भुका हाये, त्याले जेवू घाल. मी कसा नही म्हनू? मले ती दिसते ना भो."

ही गोष्ट मी नंतर डॉक्टरांना सांगितली. ते म्हणाले, आता नव्या औषधांनी विषमज्वर बरा होतो, आणि रोग्याला आता कुणी उपाशी ठेवत नाही, उलट हलकं हलकं खायला देतात. ही माहिती मी आबांपासून लपवून ठेवली. माझ्या हातून झालेल्या चांगल्या गोष्टी फार नाहीत, त्यातली ही एक.

अशी चार-पाच वर्षं गेली. डॉक्टरांना आश्चर्य वाटे, पण आबा खरोखरच चालून टिकले होते. मग एका हिवाळ्यात माझे वडील गेले.

पहिल्या वर्षाच्या आखाजीला आमच्याकडे फार महत्त्व. गेलेल्या माणसाचं घर सोडून गेल्यानंतरचं ते पहिलं जेवण. माय पंधरा दिवस आधीपासून एकच धोशा लावून होती, "पितर आबाच पाह्यजे. तुह्या बापाले दांडगं जेवन लागे. दुसऱ्या कोन्हाचं काम नही." मी तिला साखरेचं सांगून पाहिलं. ती म्हणाली, "अरे, एका पानानं काय होतं?" खरं म्हणजे मलाही आबाच हवे होते. माझे वडील पोटभर जेवले असं मलाही बघायचं होतं. लोकांना शहाणपणा सांगणारा कंपाउंडर स्वतःच्या घरी आला की साधा मुलगा होतो.

आमचं घर त्या दिवशी तिसरं होतं. दुपारचा एक वाजला असेल. आखाजीचं ऊन जळगावात राहिलेल्यांना सांगायला नको, वाऱ्याच्या झळा तोंडावर येत होत्या आणि रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. आबा तळ्यावरून चालत आले. वहाणा दाराशी काढून अंगणातल्या दगडावर उभे राहिले. पितराचे पाय मुलाने धुवायचे असतात, म्हणून मी परात घेऊन खाली बसलो. माय तांब्या घेऊन शेजारी उभी होती.

उजव्या पायाच्या तळव्याला, अंगठ्याच्या खाली, मला बाभळीचा काटा दिसला. मोडून आत राहिलेला, काळं टोक तेवढं वर. भोवती रुपयाएवढा फोड आलेला आणि फुटलेला होता. वहाणेच्या तळातून तो काटा आरपार आला असणार, आणि त्यावर आबा किती तरी वेळ चालले असणार.

मी हळूच विचारलं, "आबा, पाय दुखतोय का?"

"पाय?" ते म्हणाले. "नही. काबरं?"

साखरेच्या रोग्याचे पाय बधिर होतात, हे मला माहीत होतं. डॉक्टरांनी मला दहा वेळा सांगितलं होतं, जखम दिसली की आधी पाय वर, चालणं बंद. आत पाट मांडलेला होता. पितराच्या नावाने निखाऱ्यावर तूप टाकल्याचा वास येत होता, पान वाढलेलं होतं, माझ्या वडिलांची आवडती कुरडई मायने सगळ्यांत वर ठेवली होती. आता मी तोंड उघडलं तर आबांना दवाखान्यात न्यावं लागणार, पान तसंच राहणार, आणि मायच्या चेहऱ्याकडे मला वर्षभर बघावं लागणार. मी मनाशी म्हटलं, जेवण होऊ दे. अर्ध्या तासाने काय बिघडतं? मग काटा काढू, औषध लावू. मी त्या फोडावर अंगठा ठेवला, वरून पाणी घेतलं, आणि पाय पुसले. मायला काही दिसलं नाही.

आबा जेवले. असं जेवण मी नंतर पाहिलं नाही. माय वाढत होती आणि मध्ये मध्ये म्हणत होती, "घ्या ना, तुम्हाले आवडते म्हनून केली." आबा तोंड वर न करता म्हणाले, "पुरन चांगलं झालंय." माझे वडील अगदी हेच म्हणत. माय आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी तिच्या मागे गेलो. तिथे आम्ही दोघं मायलेक भिंतीला धरून रडलो, आणि त्या अवस्थेत मला खूप बरं वाटत होतं.

बाहेरून आवाज आला, "चला, जिरवून येतो."

मी ओटीवर आलो तेव्हा पान स्वच्छ होतं आणि दाराशी वहाणा नव्हत्या. मी रस्त्यावर जाऊन पाहिलं. काखेत छत्री घेऊन ते कोपऱ्यावरून वळत होते. मी हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण ओटीवर पाहुणे बसले होते, माझे डोळे सुजलेले होते, आणि सोमवारी ते येतीलच, असं मला वाटलं. अजून दोन घरं त्यांची बाकी होती.

सोमवारी ते आले नाहीत. पुढच्या सोमवारीही नाहीत. मंगळवारी मी त्यांच्या खोलीवर गेलो. दाराबाहेरच मला वास आला. दवाखान्यात काम करणाऱ्याला तो वास ओळखायला शिकवावं लागत नाही. आबा खाटेवर बसले होते, पायाला एरंडाची पानं बांधलेली होती. मला पाहून ते ओशाळले. "सोमवार चुकला भो," ते म्हणाले. "पाय थोडा सुजला. पाच घरचं जिरवलं ना, म्हनून असंन." पानं सोडली तेव्हा तीन बोटं काळी पडलेली होती.

आमच्या डॉक्टरांच्या ओळखीचे एक सर्जन धुळ्याला होते. मीच आबांना मोटारीने घेऊन गेलो. पारोळ्यापर्यंत ते खिडकीतून रस्त्याकडे बघत होते. मग म्हणाले, "केवढा लांब रस्ता. एवढ्यात चार पंगती जिरतीन." मी त्यांना काट्याबद्दल तिथेच सांगायला हवं होतं.

सर्जन भले गृहस्थ होते. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की पाय गुडघ्याखालून काढावा लागेल, नाही तर विष वर चढेल. आबांनी शांतपणे ऐकलं. मग हात जोडून म्हणाले, "पाय घ्या साहेब. पन मंग माहं जेवनबी घ्या." सर्जनना वाटलं, म्हातारा घाबरून काही तरी बरळतोय. त्यांनी आबांच्या खांद्यावर थोपटलं.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. मी दर चार-पाच दिवसांनी डॉक्टरांची परवानगी काढून धुळ्याला जाई, आणि तिथली तपासणीही मीच करू लागलो, कारण आबांना दुसऱ्या कुणाच्या हातचा रंग पटत नसे. पहिल्या खेपेला नळी पिवळी आली. दुसऱ्या खेपेला हिरवी. ताटं रिकामी परत जातात, असं नर्सबाई सांगत होत्या, म्हणजे खाणं चांगलं चाललं होतं. तिसऱ्या खेपेला मी नळी दिव्यावर धरली, ती खदखदा उकळली, आणि रंग हलेना. शुद्ध निळा. इतक्या वर्षांत आबांचा असा रंग मी पाहिला नव्हता.

मी ती गरम नळी रुमालात धरून वॉर्डात धावत गेलो. "आबा, निळं!" मी ओरडलो. "बघा, एकदम निळं!"

आबांनी नळीकडे पाहिलं. ते फार वाळले होते. त्यांनी टोपीसाठी डोक्याला हात नेला, पण टोपी नव्हती. "हां," ते म्हणाले. "येनारच."

शेजारच्या खाटेवर साक्रीकडचा एक शेतकरी होता. बैलाने हात मोडलेला. मी नळी ठेवायला बाहेर आलो तसा तो मागोमाग आला आणि चोरट्यासारखा खाली बघत बोलू लागला.

"भाऊ, एक सांगू का? हाऊ बाबा काहीच खास नही. बठ्ठं मालेच दी टाकस. माले म्हने, पान टाकानं नही, तू खाय. मी खाई ल्हिधं भाऊ. माले काय माहीत?"

म्हणजे आबा काहीच खात नव्हते, सगळं ताट याला देऊन टाकत होते. नळी माझ्या हातात होती. ती निळाई कशाची आहे, हे मला त्या क्षणी कळलं. अर्ध्या मिनिटापूर्वी मी तीच घेऊन ओरडत गेलो होतो.

मी आत जाऊन त्यांच्यावर रागावलो. खूप रागावलो. आबांनी ऐकून घेतलं. मग मला जवळ बसवलं आणि लहान मुलाला समजवावं तसं सांगितलं, "हे पाह्य, खाटेपासून त्या दारापर्यंत मले दोन मानसं धरून नेतात. तेवढ्यात दोन घास जिरतात. ते मी खातो ना. जास्ती खाल्लं तं जिरवू कुठी?"

"ते माप चुकीचं आहे आबा," मी म्हणालो. "कोळशाचं ते सगळं नुसतं समजवायला सांगितलं होतं. आता जखम भरायला खायलाच हवं."

"तूच तं म्हने, चाला आबा, रंग उतरवू."

मग मला राहवलं नाही. मी त्यांना काट्याचं सगळं सांगितलं. परातीतलं पाणी, अंगठा, मायचं पान, सगळं. ते छताकडे बघत होते. मी रडत होतो, आणि वॉर्डातली माणसं माझ्याकडे बघत होती.

त्यांनी विचारलं, "तुहा बाप जेवला ना पन पोटभर?"

"जेवले," मी म्हणालो.

"मंग झालं."

मी नर्सबाईंना सांगून ठेवलं, सर्जनना सांगितलं. नर्सबाईंनी समोर बसून चमच्याने भरवायला सुरुवात केली. आबा तोंड मिटून घेत नसत, दोन घास घेत आणि मग हात वर करून थांबवत. मी एकदा मुद्दाम बाजारातून भाकरी आणली आणि एक कोर मोडून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती हातात घेतली, वास घेतला, आणि उशीजवळ ठेवली. आठव्या दिवशी जळगावला निरोप आला. मी पोहोचेपर्यंत खाट रिकामी होती आणि साक्रीवाला भिंतीकडे तोंड करून झोपला होता. कोर उशीखाली तशीच मिळाली, नर्सबाई म्हणाल्या.

पुढच्या आखाजीला मायने दोन पानं मांडायला घेतली. एक माझ्या वडिलांचं, एक आबांचं. त्यांच्या मागे पान मांडणारं दुसरं कुणी नव्हतं. वडिलांच्या पानासाठी एक दूरचे मामा मिळाले. आबांसाठी मी सकाळपासून हिंडलो. ज्याच्याकडे जावं त्याला तीन-तीन घरं. पूर्वी अशी अडचण आली की लोक आबांकडे जात. दुपार टळायला लागली तेव्हा माय म्हणाली, "तूच बस."

मी पाटावर बसलो. तिने माझ्या पायावर पाणी घातलं. पुरणपोळी, रस, कुरडई, भजी, सगळं वाढलं, आणि भरीतही केलं होतं, ते आबांना आवडे म्हणून. मी काही टाकलं नाही. शेवटचे घास खाली जात नव्हते, तरी खाल्ले, मान वाकडी करून पान बघितलं, आणि उठलो. मायला म्हणालो, "जिरवून येतो."

पिंप्राळ्याच्या फाटकापर्यंत गेलो. फाटक लागलेलं होतं, मालगाडी जात होती. फाटकवाल्याने सावलीतूनच विचारलं, "तुमचा तो म्हातारा हल्ली दिसत नाही?" मी म्हणालो, दिसत नाही. तो पुन्हा विडी ओढू लागला.

आबांच्या पायांना त्या दिवशी काय कळलं नव्हतं, ते मला बघायचं होतं. मी वहाणा काढल्या आणि डांबरावर उभा राहिलो. मालगाडीचे डबे मोजायला लागलो. नववा डबा जाईपर्यंत तळपाय असे पोळले की मला उभं राहवेना. मी उडी मारून बाजूच्या गवतात गेलो, आणि पाय हातात धरून तिथेच बसून राहिलो.